सक्तीचे शिक्षण, बडोदे संस्थानातील

मुलाला ठरावीक वयापर्यंत शाळेत पाठवणे पालकांवर कायद्याने बंधनकारक करणारी व्यवस्था. बडोदे संस्थानात तिची सुरुवात १८९३ मध्ये, सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत, काठेवाडातील अमरेली महालात (तालुक्यात) झाली. आधी दहा गावे, मग सबंध महाल आणि १९०६ मध्ये सगळे संस्थान, असा तिचा विस्तार झाला. मुलग्यांना बाराव्या आणि मुलींना दहाव्या वर्षापर्यंत सक्ती होती. शिक्षण मोफत होते. बडोद्यात कायद्याला ‘निबंध’ म्हणत, त्यामुळे जुन्या कागदांत ‘केळवणीचा निबंध’ (केळवणी म्हणजे गुजरातीत शिक्षण) दिसला तर तो शाळकरी निबंध समजू नये!

बडोद्यातील मराठी घरांत या निबंधाची गोष्ट महाराजांच्या विद्याप्रेमाची म्हणून सांगतात. ती खोटी नाही. पण बालमजुरीच्या इतिहासातही या निबंधाला जागा हवी, आणि तिथे त्याचे नाव क्वचितच निघते.

सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले ते १८८१ च्या डिसेंबरात. त्याच वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा झाला. सात वर्षांखालच्या पोराला कामावर घ्यायचे नाही आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही, एवढीच त्याची झेप. तोही यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांपुरता. १८९१ मध्ये किमान वय नऊ झाले आणि तास सात. हा कायदा संस्थानात लागू असता तरी अमरेलीच्या खेड्यातल्या पोराच्या तो काय कामाचा? ते पोर गिरणीत नव्हतेच. ते गुरांमागे होते, बाजरीच्या शेतात पाखरे हाकत होते. त्याची बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घर सांभाळत होती. या कामाला मालक नाही, पगार नाही, म्हणून तपासायला अधिकारीही नाही. आईबापांच्या लेखी तर ते कामच नव्हते.

सक्तीच्या शिक्षणाने प्रश्नच उलटा केला. पोर कुठे राबते हे शोधत बसायचे नाही. ते शाळेत का नाही, एवढेच विचारायचे. गावातल्या शाळेच्या वयाच्या मुलांची यादी हजेरीपटाशी ताडली की राबणारी पोरे आपोआप उघडी पडतात. प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, ही मागणी जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे केली होती. इंग्रज सरकारने ती मनावर घेतली नाही. अकरा वर्षांनी एका संस्थानाने ती दहा गावांत करून पाहिली.

गैरहजेरीबद्दल पालकांना दंड होई, आणि या व्यवस्थेची दुखरी नस तीच. ज्या घराला पोराची मदत सर्वांत जास्त लागे, त्याच घराला दंड जास्त बोचे. मधल्या काळात छप्पनचा दुष्काळ पडला (संवत १९५६, म्हणजे १८९९–१९००). १८९१ मध्ये संस्थानाची लोकसंख्या सुमारे २४.१५ लाख होती, ती १९०१ मध्ये १९.५३ लाखांवर आली. एवढी माणसे गेलेल्या मुलखात उरलेल्या हातांची किंमत वाढणारच. तरीही पाच वर्षांनी सक्ती सगळीकडे नेली गेली, हे धाडसच म्हणायचे. मुलींची सक्ती दोन वर्षे आधी संपे, त्यात घरकाम आणि लग्न या दोन्हींशी केलेली तडजोड दिसते. अंत्यज, म्हणजे तेव्हा अस्पृश्य मानलेल्या जातींच्या, मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. तिथे शिकवायला सवर्ण हिंदू मास्तर तयार होत नसत, म्हणून बऱ्याचदा मुसलमान शिक्षक नेमावे लागत.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाची बाजू मांडताना बडोद्याचाच दाखला दिला: तिथे लोकसंख्येच्या ८.६ टक्के मुले शाळेत, ब्रिटिश हिंदुस्थानात १.९ टक्के. त्यांचे १९११ चे विधेयक पुढच्या वर्षी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्ती आणली, मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांचा कायदा १९१८ मध्ये झाला.

पटावर नाव असणे म्हणजे वाचता येणे नव्हे, हे बडोद्यात लवकर कळले. शाळा सुटली की पोर पुन्हा गुरांमागे जाई आणि अक्षरे विसरे. १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून गावोगावी ग्रंथालये आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या सुरू झाल्या, त्यामागे ही विस्मृतीही होती.

स्वतंत्र भारतात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने मूलभूत झाला. त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. बालमजुरीच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालच्या मुलांना सर्वच धंद्यांत बंदी झाली. मात्र शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, धोक्याचा नसलेल्या घरच्या धंद्यात मदत करायला मुभा राहिली. ‘घर’ म्हणजे आईबाप, भावंडे, शिवाय काका, आत्या, मामा, मावशी.

बडोद्याच्या रावपुऱ्यात किंवा मांडवीत चहाच्या लारीवर (हातगाडीवर) कप विसळणाऱ्या टेणियाला, म्हणजे पोऱ्याला, विचारावे, लारी कोणाची? ‘मामाची,’ असे उत्तर येते. मामा सख्खा की म्हणायचा, हे लारीपाशी उभे राहून ठरत नाही. मुभा शाळा सुटल्यानंतरची आहे, आणि घड्याळात सकाळचे अकरा वाजलेले असतात.