पोटगी

स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारी पत्नी, मुले किंवा आईवडील यांना, त्यांच्या पालनाची जबाबदारी असलेल्या माणसाने कायद्याने द्यायची रक्कम म्हणजे पोटगी. जुन्या दाव्यांत हिलाच ‘अन्नवस्त्र’ म्हणत. विधवा सुनेला तोडून दिलेल्या तुकड्याला गावाकडे ‘चोळीबांगडीची जमीन’ म्हणतात. अशी जमीन तिला फक्त हयातीपुरती खायला, असा भाऊबंदांचा समज असे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ ने तो मोडला: पोटगीपोटी मिळून तिच्या ताब्यात असलेली जमीन तिच्या पूर्ण मालकीची झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली तुळसम्मा खटल्यात हेच ठामपणे सांगितले.

पोटगी धड दिवाणी नाही, धड फौजदारी नाही. घटस्फोटाच्या दाव्यात ती हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ व २५ खाली मागता येते, आणि तिथे नवराही बायकोकडे मागू शकतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली (२००५) ती मिळते. पण सर्वांत रुळलेली वाट फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली. कोर्टाच्या आवारात मात्र अजून ‘एकशे पंचवीस टाकली’ असेच ऐकू येते. हा अर्ज प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालतो, कौटुंबिक न्यायालय असलेल्या शहरांत तिथे. नवरा त्यात आरोपी नसतो आणि त्याला शिक्षाही होत नाही. बायको उघड्यावर पडू नये एवढाच हेतू. हे न कळल्याने ‘माझ्यावर केस झाली’ म्हणून घाबरणारे पुष्कळ.

या कलमाला धर्माची अट नाही. १९८५ च्या शाहबानो निकालाने ते मुस्लिम घटस्फोटितेलाही लागू केले, त्यावरून देशभर वादळ उठले आणि १९८६ साली वेगळा कायदा झाला. २००१ मध्ये न्यायालयाने त्या कायद्याचा अर्थ असा लावला की इद्दतनंतरच्या (इद्दत म्हणजे घटस्फोटानंतर पुन्हा लग्न करण्याआधी बाईने पाळायची ठरावीक मुदत) भविष्याचीही तरतूद नवऱ्याने त्या मुदतीतच करायची. जुलै २०२४ च्या निकालाने कलम १२५ ची वाटही खुली असल्याचे स्पष्ट झाले.

रक्कम किती, याचे कोष्टक नाही. २००१ पर्यंत कलम १२५ खाली महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, ती उठली. भांडण खरे होते ते उत्पन्न लपवण्यावरून. नोटीस बजावली की दुकान अचानक भावाच्या नावावर निघते, पगाराच्या चिठ्ठीत नवीनच कपाती दिसतात. नागपूरहून गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचे सविस्तर शपथपत्र सक्तीचे केले, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची असे ठरवले. तात्पुरत्या पोटगीचा निर्णय नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत व्हावा असे कायदा म्हणतो. तारखांचा अनुभव असलेले लोक यातला ‘शक्यतो’ हा शब्द आधी वाचतात.

हुकूम मिळाला तरी पैसे हातात पडतीलच असे नाही. थकबाकीसाठी वेगळा वसुली अर्ज करावा लागतो, तोही रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत. उशीर झाला तर तेवढे महिने या मार्गातून निसटतात. मग वॉरंट, आणि तरीही न भरल्यास थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद. आत जाऊन आलो म्हणजे देणे फिटले, हा समज चुकीचा: १९८९ च्या निकालानुसार कैद हे वसुलीचे साधन आहे, परतफेड नव्हे.

आईवडिलांचा हक्क याच कलमात आहे, आणि तो फक्त मुलाविरुद्ध नाही. कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या वडिलांनी केलेल्या अर्जावर, विवाहित मुलगीही जबाबदार आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ठरवले. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. महाराष्ट्रात तिथे प्रांताधिकारी बसतात. पूर्वी आईवडिलांना कलम १२५ चा अर्ज मुलगा राहतो तिथल्या कोर्टातच करावा लागे. नव्या संहितेच्या कलम १४५ मुळे मुलगा पुण्यात असला तरी आई आपल्या तालुक्याच्या कोर्टात अर्ज देऊ शकते.