रीबिल्ड (बास्केटबॉल): ओक्लाहोमा सिटी थंडरने टीम कशी बांधली

एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, रीबिल्ड म्हणजे जुनी टीम मोडायची, महागडे स्टार दुसऱ्या टीमला देऊन टाकायचे, बदल्यात विशीतली पोरं आणि पुढच्या वर्षांचे ड्राफ्ट पिक्स (नवे प्लेअर निवडायचे हक्क) घ्यायचे, दोन-तीन सीझन मार खायचा आणि त्यातून टायटलसाठी लढणारी टीम उभी करायची. सांगायला सोपं आहे, पण बहुतेक टीम्स मार खाण्याच्या पायरीवरच अडकून राहतात. २०२५ ची चॅम्पियन ओक्लाहोमा सिटी थंडर हे अलीकडच्या काळातलं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे, आणि माझ्या मते त्यांचं यश हरून मिळवलेल्या पिक्समध्ये कमी आणि नंतरच्या निर्णयांमध्ये जास्त आहे, म्हणजे कुणाला थांबवून ठेवायचं, कुणाला सोडायचं आणि पोरांची टीम पोरांचीच राहू न देता तिच्यात अनुभवी माणसं नेमकी कधी आणायची.

आधी सिस्टीम समजून घेऊ. एनबीएत आयपीएलसारखा लिलाव नसतो. नवे प्लेअर्स ड्राफ्टमधून येतात, टीम्स नंबराप्रमाणे एकेक प्लेअर निवडतात, आणि प्लेऑफ (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) न खेळलेल्या १४ टीम्सची लॉटरी होऊन सगळ्यात वरचे नंबर ठरतात. पूर्वी सगळ्यात वाईट टीमला पहिल्या नंबरचा २५ टक्के चान्स असायचा, मग मुद्दाम हरणं फारच वाढलं म्हणून २०१९ पासून तळाच्या तिन्ही टीम्सना सारखाच १४ टक्के चान्स ठेवला. पहिल्या राउंडमध्ये घेतलेल्या प्लेअरचं कॉन्ट्रॅक्ट चार वर्षांचं असतं आणि पगार ठरलेला, तुलनेने कमी. म्हणजे पोरगा तिसऱ्या-चौथ्या वर्षी स्टार झाला तरी तो स्वस्तातच खेळत असतो आणि सॅलरी कॅपमध्ये (टीमच्या एकूण पगाराच्या मर्यादेत) दुसऱ्या प्लेअर्ससाठी जागा उरते. रीबिल्डचं सगळं गणित या चार वर्षांच्या खिडकीवर उभं आहे. आणि इथे खालच्या डिव्हिजनमध्ये ढकललं जाण्याची भीती नसते, त्यामुळे हरणं परवडतं.

पहिला डाव, २००८ ते २०१६

थंडर म्हणजे मूळची सिॲटल सुपरसॉनिक्स. १९६७ पासून सिॲटलमध्ये असलेली टीम २००८ मध्ये उचलून ओक्लाहोमा सिटीत नेली, सिॲटलच्या फॅन्सना ते अजून सलतं आणि त्यांचं दुःख खरं आहे. जनरल मॅनेजर सॅम प्रेस्टी मात्र सिॲटलपासूनच टीमसोबत आहे, २००७ मध्ये आला तेव्हा तिशीचाही नव्हता. त्याने २००७ मध्ये दुसऱ्या नंबरवर केविन ड्युरँट, २००८ मध्ये चौथ्यावर रसेल वेस्टब्रूक आणि २४ व्यावर सर्ज इबाका, २००९ मध्ये तिसऱ्यावर जेम्स हार्डन घेतला. तीन ड्राफ्टमध्ये पुढे जाऊन एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम प्लेअर) झालेले तीन जण! पहिल्या सीझनला २३ जिंकल्या ५९ हरल्या, पुढच्याच सीझनला ५० जिंकल्या, २०१२ ला थेट फायनल. मायामीकडून ४-१ हरले, पण टीम इतकी तरुण होती की अजून चार-पाच फायनल तरी खेळतील असंच सगळे धरून चालले होते.

एकही खेळली नाही. फायनलनंतर चार महिन्यांतच, नव्या कॉन्ट्रॅक्टमध्ये काही मिलियन डॉलरचा फरक मिटेना म्हणून हार्डनला ह्यूस्टनला ट्रेड केलं. २०१६ ला वेस्टच्या (लीगच्या पश्चिमेकडच्या अर्ध्या भागाच्या) फायनलमध्ये ७३ मॅचेस जिंकून आलेल्या गोल्डन स्टेटविरुद्ध ३-१ ने पुढे होते, तिथून हरले, आणि त्याच उन्हाळ्यात ड्युरँट गोल्डन स्टेटलाच गेला. दुसऱ्या डावात प्रेस्टी पिक्स आणि कॅपच्या बाबतीत इतका सावध का होता ते या पहिल्या डावात कळतं. प्लेअर चांगले निवडले होते, पण त्यांच्या पगाराची वेळ एकदमच येणार आहे याची तयारी नव्हती.

एका ट्रेडची साखळी

ड्युरँट जाण्याच्या काही दिवस आधी इबाकाला ऑरलँडोला देऊन व्हिक्टर ओलाडिपो आणि डोमांटस सबोनिस घेतले होते. पुढच्या वर्षी ते दोघं इंडियानाला देऊन पॉल जॉर्ज आणला. वेस्टब्रूक आणि जॉर्ज मिळून प्लेऑफची पहिली फेरी काही पार होईना. मग जुलै २०१९ मध्ये कवाय लेनर्डने लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे जायचं ठरवलं पण त्याला सोबत जॉर्ज हवा होता, आणि जॉर्जलाही जायचं होतं. इथे प्रेस्टीच्या हातात सगळे पत्ते आले, कारण क्लिपर्स एका जॉर्जसाठी नाही तर दोन सुपरस्टारसाठी किंमत मोजत होते. त्याने पहिल्या राउंडचे पाच पिक, दोन पिक-स्वॅप (पिक अदलाबदल करायचे हक्क), डॅनिलो गॅलिनारी आणि एकच सीझन खेळलेला २० वर्षांचा शे गिल्जस-अलेक्झांडर घेतला. शे कॅनडाचा, हॅमिल्टनमध्ये वाढलेला, ड्राफ्टमध्ये ११ वा, पहिल्या सीझनला सरासरी १०.८ पॉइंट्स. बातम्यांमध्ये तेव्हा पिक्सची संख्याच जास्त गाजली, पण या डीलमधलं सोनं हा पोरगा होता. आणि त्याच पाच पिक्सपैकी क्लिपर्सचा २०२२ चा पिक १२ व्या नंबरवर पडला, त्यावर सँटा क्लारा नावाच्या फारशा चर्चेत नसलेल्या कॉलेजमधला जेलन विल्यम्स आला. म्हणजे २००८ मधल्या २४ व्या पिकपासून धरलं तर इबाका, मग ओलाडिपो-सबोनिस, मग जॉर्ज, मग शे आणि जेलन. चॅम्पियन टीमचे पहिले दोन प्लेअर या एकाच साखळीतून आलेत!

वेस्टब्रूकला ह्यूस्टनला पाठवलं, बदल्यात ३४ वर्षांचा क्रिस पॉल आला आणि सोबत अजून पिक्स. सगळ्यांना वाटलं आता ही टीम तळाला जाणार, पण २०१९-२० मध्ये त्यांनी ४४ जिंकल्या, फक्त २८ हरल्या. माझ्या मते हा सीझन फार कमी लेखला जातो. शेला कोवळ्या वयात एक वर्ष क्रिस पॉलच्या शेजारी उभं राहून, शेवटच्या पाच मिनिटांत मॅच कशी हातात ठेवायची ते रोज बघायला मिळालं. रीबिल्ड सुरू करायची म्हणून पहिल्याच दिवशी सगळे अनुभवी प्लेअर हाकलणाऱ्या टीम्सच्या पोरांना हे शिकवायला कुणी उरत नाही.

हरण्याची दोन वर्षं

२०२० मध्ये क्रिस पॉलला फिनिक्सला दिलं, कोच बिली डोनोव्हन गेला आणि त्याच्या जागी ३५ वर्षांचा मार्क डेगनॉल्ट आला. हा कधी एनबीए खेळला नव्हता, कनेक्टिकटच्या कॉलेज टीमचा स्टुडंट मॅनेजर होता, नंतर थंडरच्याच जी-लीग (एनबीएच्या खालची लीग) टीमचा, ओक्लाहोमा सिटी ब्लूचा, कोच. २०२०-२१ ला २२-५० (जिंकल्या-हरल्या), पुढच्या सीझनला २४-५८. १ मे २०२१ ला इंडियानाने त्यांना घरच्या कोर्टवर १५२-९५ असं ५७ पॉइंट्सनी हरवलं. २ डिसेंबर २०२१ ला मेम्फिसने १५२-७९, म्हणजे ७३ पॉइंट्सनी, एनबीएच्या इतिहासातला सगळ्यात मोठा फरक. शे त्या मॅचला डोक्याला मार लागल्यामुळे बाहेर होता. मेम्फिस आणि इंडियाना ही दोन नावं लक्षात ठेवा.

ही मुद्दाम हरण्याची चाल होती का? काही अंशी हो, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. एल हॉरफर्डसारख्या फिट सिनिअरला २०२१ मध्ये शेवटचे महिने बसवून ठेवलं होतं, त्यावर टीका झाली ती योग्यच होती, तिकीट काढून आलेल्या माणसाला धड मॅच बघायला मिळायला हवी. पण फिलाडेल्फियाशी तुलना केली की फरक दिसतो. जनरल मॅनेजर सॅम हिंकीच्या काळात त्यांनीही हाच रस्ता धरला होता, २०१५-१६ ला १०-७२ पर्यंत घसरले, जोएल एंबीडसारखा एमव्हीपी मिळाला, पण टीम दुसऱ्या फेरीच्या पुढे कधी गेली नाही. थंडरने हरतानासुद्धा ट्रेनिंग सोडलं नाही. डेगनॉल्ट सतत वेगवेगळे पाच जण उतरवायचा, बॉल सगळ्यांना हाताळायला लावायचा, सेंटरलासुद्धा (बास्केटजवळ खेळणारा उंच प्लेअर), आणि डिफेन्समध्ये आळस केला की बसवायचा. शूटिंग सुधारायला २०२२ मध्ये सॅन अँटोनिओहून शूटिंग कोच चिप एंगेलंडला आणलं. लू डॉर्टला ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं, तो टू-वे कॉन्ट्रॅक्टवर (एनबीए आणि जी-लीग दोन्हीकडे खेळायचा करार) आला आणि लीगमधल्या सगळ्यात चिवट डिफेंडरपैकी एक झाला. ॲरन विगिन्स ५५ वा पिक. आयझया जोला फिलाडेल्फियानेच सोडून दिलं होतं. ही माणसं लॉटरीतून आलेली नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

लॉटरीने तर २०२१ ला दगाच दिला, सहावा नंबर मिळाला, त्यावर जॉश गिडी. २०२२ ला दुसरा नंबर लागला आणि चेट होमग्रेन आला, सात फुटांहून उंच, काटकुळा, शॉट अडवण्यात पटाईत. त्याच ऑगस्टमध्ये सिॲटलमधल्या एका उन्हाळी मॅचमध्ये लेब्रॉन जेम्सला अडवताना पायाला लागलं आणि पूर्ण पहिला सीझन गेला. तरी टीम ४०-४२ पर्यंत आली. इथे घाईघाईत पिक्स उधळून कुणी मोठा स्टार आणता आला असता. प्रेस्टीने काहीच केलं नाही, चेटची वाट बघितली.

२०२३-२४ ला चेट खेळला आणि ५७ मॅचेस जिंकून टीम वेस्टमध्ये पहिली आली, पहिला नंबर मिळवणारी आजवरची सगळ्यात तरुण टीम. मॅच जिंकल्यावर टीव्हीला मुलाखत एकाची असायची पण मागे अख्खी टीम उभी, हे दृश्य तेव्हाचंच. मग दुसऱ्या फेरीत डॅलसने ४-२ ने हरवलं आणि दोन भोकं उघडी पडली. एक, रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतरचा बॉल) मिळत नाहीत. दोन, डॅलसवाले गिडीला खुशाल मोकळा सोडत होते, कारण त्याचा बाहेरचा शॉट पडत नव्हता.

भोकं बुजवणं

पुढचे दोन निर्णय मला संपूर्ण बांधणीतले सगळ्यात भारी वाटतात. गिडी २१ वर्षांचा, आपणच निवडलेला, पण त्याला शिकागोला देऊन ३० वर्षांचा ॲलेक्स करुसो घेतला, एकास एक, सोबत पिकही मागितला नाही! करुसोने लेकर्ससोबत २०२० चं टायटल जिंकलेलं, आणि त्याआधी तो ओक्लाहोमा सिटी ब्लूमध्ये डेगनॉल्टच्याच हाताखाली खेळलेला. दुसरा निर्णय, सेंटर आयझया हार्टनस्टाइनला तीन वर्षांसाठी ८७ मिलियन डॉलर. शे सोडला तर बाकी मोठी पोरं अजून स्वस्त कॉन्ट्रॅक्टवर होती म्हणून हे परवडलं. चार वर्षांची खिडकी म्हणतात ती हीच, आणि ती बंद व्हायच्या आत त्यांनी वापरली.

२०२४-२५ ला ६८-१४. प्रत्येक मॅचला सरासरी जवळपास १३ पॉइंट्सचा फरक, लीगच्या इतिहासात सगळ्यात जास्त. शे ३२.७ च्या सरासरीने एमव्हीपी. प्लेऑफची पहिली मॅच मेम्फिसशी, १३१-८०, आणि सीरिज ४-०. डेन्व्हरने मात्र सातव्या मॅचपर्यंत ओढलं, तिथे डेगनॉल्टने साडेसहा फुटी करुसोला सात फुटाला टेकलेल्या निकोला योकिचच्या अंगावर सोडलं आणि मॅच १२५-९३ ने काढली. एका वर्षापूर्वीचा ट्रेड कशासाठी होता ते त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. मग मिनेसोटा ४-१.

फायनलला समोर इंडियाना. आपल्याकडच्या बऱ्याच जणांना ही टीम आधीपासून माहीत होती, ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएच्या भारतातल्या पहिल्या मॅचेस झाल्या त्या इंडियाना आणि सॅक्रामेंटोच्याच. पहिल्या मॅचला टायरीस हॅलिबर्टनने ०.३ सेकंद उरलेले असताना शॉट टाकून १११-११० ने जिंकवली, पूर्ण मॅचमध्ये इंडियाना आघाडीवर होती ती फक्त त्या ०.३ सेकंदांपुरती. चौथ्या मॅचला थंडर सीरिजमध्ये २-१ ने मागे, मॅचमध्येही मागे, आणि शेने शेवटच्या पाच मिनिटांच्या आत १५ पॉइंट्स टाकले. पाचव्याला जेलन विल्यम्सचे ४०, तेही मनगट दुखावलेलं असताना. सातवी मॅच २२ जून २०२५ ला, भारतात तेव्हा सोमवारची पहाट, १०३-९१. पहिल्याच क्वार्टरमध्ये हॅलिबर्टनच्या पायाची अकिलीस तुटली आणि तो बाहेर गेला, हे जिंकणाऱ्याच्या बाजूने लिहितानाही विसरू नये, तो असता तर मॅच कुठे गेली असती सांगता येत नाही. शेचे २९ पॉइंट्स आणि १२ असिस्ट (दुसऱ्याला बास्केट मिळवून देणारे पास), फायनलचा एमव्हीपीही तोच. फ्रँचायझीचं कागदोपत्री दुसरं टायटल, पहिलं सिॲटलचं १९७९ चं, पण ओक्लाहोमा सिटीसाठी हे पहिलंच. हे शहर छोटं आहे, १९९५ च्या बॉम्बस्फोटाची जखम बाळगणारं, आणि टीममध्ये येणाऱ्या नव्या प्लेअरला तिथलं स्मारक बघायला नेण्याची पद्धत प्रेस्टीने पाडली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये लोकांनी मतदान करून एक टक्का सेल्स टॅक्समधून नव्या अरेनालाही मंजुरी दिली.

पुढचा प्रश्न २०१२ चाच होता, सगळ्यांच्या पगाराची वेळ एकदम येण्याचा. जिंकल्यानंतर त्याच उन्हाळ्यात शे, जेलन आणि चेट तिघांशीही नवे करार झाले, मिळून ८०० मिलियन डॉलरच्या वर जाऊ शकणारे. जेलन आणि चेटचे मोठे पगार २०२६-२७ पासून, शेचा २०२७-२८ पासून. २०२३ च्या लेबर करारानंतर खर्चाची दुसरी मर्यादा ओलांडणाऱ्या टीमला ट्रेड करताना हातपाय बांधल्यासारखं होतं, त्यामुळे हार्टनस्टाइन, डॉर्ट, करुसो सगळ्यांना कायम ठेवणं कठीण होतं. फरक एवढाच की यावेळी जाणाऱ्याच्या जागी बसवायला पिक्स शिल्लक होते, आणि त्यातला एक, क्लिपर्सचा २०२६ चा, त्याच २०१९ च्या डीलमधला होता.