ग्रीन लाईन (१९४९ची युद्धबंदी रेषा)

ग्रीन लाईन म्हणजे १९४८च्या युद्धानंतर इस्रायल आणि त्याचे अरब शेजारी यांच्यात ठरलेली युद्धबंदीची रेषा. मराठी पेपरांत हिला हरित रेषा किंवा '१९६७ची सीमा' म्हणतात, त्यातलं दुसरं नाव तसं चुकीचंच, कारण ही सीमा नाही असं तिच्या करारातच लिहून ठेवलंय. वेस्ट बँक (जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा भाग), गाझा, पूर्व जेरुसलेम, वसाहती (रेषेपलीकडे वसवलेल्या इस्रायली वस्त्या), व्याप्त प्रदेश हे सगळे शब्द मात्र याच रेषेच्या हिशोबानं वापरले जातात.

पॅलेस्टाईनची ज्यू आणि अरब अशी दोन राज्यं करण्याच्या युनोच्या फाळणी ठरावाशी (क्र. १८१, २९ नोव्हेंबर १९४७, ३३ विरुद्ध १३ मतं, १० तटस्थ, भारत विरोधात) या रेषेचा थेट संबंध नाही. ती ठरली ती लढाई थांबली तेव्हा कोणाचं सैन्य कुठे उभं होतं त्यावरून. ठरावात ज्यू राज्याला पॅलेस्टाईनची साधारण ५५ टक्के जमीन होती, रेषा आखली तेव्हा इस्रायलकडे ७८ टक्क्यांच्या आसपास होती आणि ७ लाखांहून जास्त पॅलेस्टिनी निर्वासित झाले होते. बेर्शेबा, लोद, अश्दोद ही नावं आपल्याकडे कोकणातून गेलेल्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) लोकांमुळे ओळखीची आहेत, फाळणीच्या प्लॅनमध्ये हा भाग अरब राज्यात होता आणि ग्रीन लाईननं तो इस्रायलमध्ये आला.

करार एक नाही, चार आहेत आणि सगळे १९४९चे: इजिप्त २४ फेब्रुवारी, लेबनॉन २३ मार्च, जॉर्डन ३ एप्रिल, सीरिया २० जुलै. मध्यस्थ होते युनोचे राल्फ बंच, त्यांना १९५०चं शांततेचं नोबेल मिळालं. त्यांच्या आधीचे मध्यस्थ बर्नाडोट यांचा सप्टेंबर १९४८मध्ये जेरुसलेममध्ये लेही या ज्यू अतिरेकी गटानं खून केला होता. इराकनं सहीच केली नाही, आपलं सैन्य काढून जागा जॉर्डनच्या ताब्यात दिली आणि त्या बदलाबदलीत वादी आरा आणि 'ट्रँगल' हा अरब गावांचा पट्टा इस्रायलला मिळाला. उम्म अल-फहमसारखी गावं अशी न लढता, कागदावर पलीकडे गेली. पॅलेस्टिनींतर्फे सही करायला या चारपैकी एकाही ठिकाणी कोणी नव्हतं.

ग्रीन हे नाव कुठून आलं यावर मतभेद आहेत. सगळ्यात जास्त सांगितली जाते ती गोष्ट जेरुसलेमची. ३० नोव्हेंबर १९४८ला मुसरारा वस्तीतल्या एका सोडून दिलेल्या घरात इस्रायलचे मोशे दायान आणि अरब लीजनचे (म्हणजे जॉर्डनच्या सैन्याचे) अब्दुल्ला अल-तल भेटले आणि १:२०,००० स्केलच्या मॅपवर दायाननी आपल्या ठाण्यांची रेषा हिरव्या पेन्सिलीनं आणि तलनी आपली लाल पेन्सिलीनं ओढली, दोन्हींच्या मधली जागा ती नो मॅन्स लँड, म्हणजे कोणाचीच नाही. दुसरं मत असं की नाव १९४९च्या करारांच्या मॅपवरच्या हिरव्या शाईवरून आलं. तिसरं म्हणजे इस्रायलच्या बाजूला लावलेल्या जंगलामुळे रेषा वरून हिरवी दिसते म्हणून, हे ऐकायला छान आहे पण त्यातलं प्रसिद्ध यातीरचं जंगल लावायला सुरुवातच १९६४मध्ये झाली आणि मॅपवरचे रंग त्याच्या कितीतरी आधीचे, त्यामुळे हे मत मागाहून जोडलेलं वाटतं. पहिल्या दोन्हींत खरं तर फार विरोध नाही कारण जेरुसलेमपुरता दायान-तल मॅपच पुढे जॉर्डनच्या करारात घेतला गेला. नाव सर्रास वापरात आलं ते बहुधा १९६७ नंतर. (सायप्रसच्या ग्रीन लाईनबद्दल असा घोळ नाही, तिथे डिसेंबर १९६३मध्ये ब्रिटिश जनरल पीटर यंगनी हिरव्या पेन्सिलीनं रेषा मारली.)

नावापेक्षा महत्त्वाची आहे त्या पेन्सिलीची जाडी. रेषा मॅपवर ३ ते ४ मिलिमीटर जाड होती, म्हणजे १:२०,०००च्या हिशोबानं जमिनीवर ६० ते ८० मीटर. माळरानात हे चाललं असतं, पण दाटीच्या शहरात एवढ्यात रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंची घरं सहज बसतात. मग रेषेच्या खाली आलेलं घर कोणाचं, रेषा मोजायची ती मधून की कडेनं, यावर करार पाळले जातात का हे बघणाऱ्या संयुक्त युद्धबंदी आयोगात वर्षानुवर्षं भांडणं चालली. दायान आणि तल यांनी हे तात्पुरतं म्हणूनच ओढलं होतं, आठ-पंधरा दिवसांच्या शस्त्रसंधीला तेवढी पेन्सिल पुरली असती, ते १९ वर्षं चालेल असं दोघांनाही वाटलं नसणार.

गावांच्या बाबतीत बेत सफाफा हे उदाहरण नेहमी दिलं जातं. जेरुसलेमला येणारी रेल्वे इस्रायलला हवी होती म्हणून रेषा गावातून गेली, मधोमध तारेचं कुंपण आलं आणि लग्न असलं की दोन्हीकडचे नातेवाईक कुंपणाच्या अल्याडपल्याड उभे राहायचे. बारताआ गावाचेही असेच दोन भाग झाले. वेस्ट बँकेतल्या कलकिल्याच्या लोकांची घर तिकडे आणि शेत इकडे अशी अवस्था झाली, रात्री आपल्याच शेतात जाणाऱ्याला इस्रायल 'घुसखोर' म्हणायचं. त्यातले काही हत्यारबंदही होते आणि इस्रायलचे बदल्याचे हल्लेही मोठे होते, ऑक्टोबर १९५३मध्ये वेस्ट बँकेतल्या किब्या गावात ६०च्या वर गावकरी मारले गेले. जेरुसलेममध्ये ये-जा करायला मँडेलबाऊम गेट एवढी एकच वाट, तीही डिप्लोमॅट, धर्मगुरू, युनोचे लोक आणि ख्रिसमसला इस्रायलमधले काही अरब ख्रिश्चन यांच्यापुरती.

जून १९६७च्या युद्धात इस्रायलनं रेषेपलीकडची वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम आणि गाझा घेतलं, आणि सिनाई, गोलनही. कुंपणं निघाली, इस्रायलच्या सरकारी मॅपवरून रेषाही निघाली. डिसेंबर २००६मध्ये शिक्षणमंत्री युली तामीर यांनी ती शाळेच्या पुस्तकांत परत दाखवायला सांगितलं तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. इस्रायलचं म्हणणं असं की १९४९च्या करारांनीच ही राजकीय सीमा नाही असं म्हटलंय, मग तिथवर मागे जायचं बंधन कसलं, आणि ती संरक्षणाला सोयीची नाही हेही. पॅलेस्टिनी बाजूनं १९८८पासून याच रेषेपलीकडचं राज्य मागितलंय, म्हणजे मूळ (सगळ्या पॅलेस्टाईनच्या) मागणीपासून ते बरेच खाली आलेत हे विसरलं जातं. आंतरराष्ट्रीय कायद्याचं पारडं रेषेकडे झुकतं: युनो सुरक्षा परिषदेचे ठराव २४२ (१९६७) आणि २३३४ (२०१६), आंतरराष्ट्रीय न्यायालयाची २००४ आणि २०२४ची सल्लागार मतं. प्रत्यक्षात मात्र रेषेपलीकडच्या वसाहतींत सात लाखांच्या आसपास इस्रायली राहतात.

इस्रायलनं २००२मध्ये वेस्ट बँकेलगत बांधायला घेतलेली भिंत हीच ग्रीन लाईन असा समज आहे, तो चुकीचा. वेस्ट बँकेभोवती रेषा साधारण ३२० किलोमीटर, भिंतीचा प्लॅन ७००च्या वर आणि त्यातला सुमारे ८५ टक्के मार्ग वेस्ट बँकेच्या आतून. पूर्व बारताआ आज भिंतीच्या इस्रायली बाजूला आहे पण ग्रीन लाईनच्या पलीकडे, तिथल्या लोकांना वेस्ट बँकेत जायचं तर चेकपोस्ट ओलांडावी लागते.

गाझाची रेषा इजिप्तच्या करारातली. ७ ऑक्टोबर २०२३ला हमासनं तोडलं ते कुंपण साधारण याच रेषेवरचं. सीरियाच्या बाजूला १९४९ची रेषा आणि ४ जून १९६७ला प्रत्यक्ष ताबा होता ती रेषा एक नाहीत, मधे लष्करमुक्त पट्टे होते. लेबनॉनची ब्लू लाईन (२०००ची इस्रायली माघारीची रेषा) आणि गोलनची पर्पल लाईन (१९६७ची युद्धबंदी रेषा) या वेगळ्या, त्यांची इथे गल्लत करू नये.