कराराची निर्मिती

दोन किंवा अधिक पक्षांमध्ये ठरलेली आणि न्यायालयातून पाळायला लावता येईल अशी बोली म्हणजे करार. करार म्हटले की मुद्रांकाचा कागद आणि सह्या डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात बहुतेक करारांना कागद लागतच नाही, तोंडी व्यवहारही तितकाच बांधतो. लेखाची सक्ती जमिनीच्या खरेदीविक्रीसारख्या मोजक्या व्यवहारांपुरती असते. इतरत्र कागद हा झालेल्या कराराचा पुरावा असतो, आणि वाद उपटला की त्याची किंमत कळते.

सुरुवात प्रस्तावाने होते. किमतीची चिठ्ठी लावून मांडलेली वस्तू हा सहसा प्रस्ताव मानला जात नाही. ते गिऱ्हाइकाला प्रस्ताव करण्याचे आमंत्रण असते. जाहिरातीचेही बहुधा तसेच. मात्र इंग्लंडमधील कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीने आपले औषध वापरूनही इन्फ्लुएन्झा झाल्यास १०० पौंड देऊ असे जाहीर केले आणि त्यासाठी बँकेत १,००० पौंड ठेवल्याचेही छापले. एवढे सांगणाऱ्याला ‘ती नुसती जाहिरात होती’ असे म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने १८९२ मध्ये ठरवले आणि आजारी पडलेल्या कार्लिलबाईंना पैसे मिळाले.

स्वीकृती प्रस्तावाशी तंतोतंत जुळावी लागते. १८४० च्या हाइड विरुद्ध रेंच खटल्यात १,००० पौंडांना देऊ केलेली शेती गिऱ्हाइकाने ९५० ला मागितली; मालकाने नकार देताच तो १,००० ला तयार झाला. पण ९५० हा प्रतिप्रस्ताव होता आणि त्याने मूळ प्रस्ताव संपलेला होता. करार झालाच नाही.

खरा पेच स्वीकृतीच्या क्षणाचा आहे. २ सप्टेंबर १८१७ रोजी लोकरीच्या व्यापाऱ्यांनी पाठवलेल्या प्रस्तावावर पत्ता चुकला. पत्र ५ तारखेला पोहोचले, होकार त्याच संध्याकाळी टपालात पडला. तो ९ ला मिळण्याआधीच, ८ तारखेला, लोकर दुसऱ्याला विकली गेली. होकाराचे पत्र टपालात पडताच करार झाला, असा निर्णय इंग्लंडमध्ये १८१८ मध्ये लागला. भारताच्या १८७२ च्या करार कायद्याने हा क्षण दोन भागांत तोडला: होकार रवाना होताच प्रस्ताव करणारा बांधला जातो, स्वीकारणारा मात्र तो होकार समोरच्याला कळल्यावर. टेलिफोनसारख्या तात्काळ संवादात टपालाचा हा नियम लागत नाही. नदीपलीकडून ओरडून दिलेला होकार वरून जाणाऱ्या विमानाच्या आवाजात बुडाला तर पुन्हा ओरडावे लागेल, हे इंग्लंडचे न्यायमूर्ती डेनिंग यांचे १९५५ मधील उदाहरण आहे.

इंग्रजी परंपरेत प्रतिफलही लागते, म्हणजे दिलेल्या शब्दाच्या बदल्यात काहीतरी. ते पुरेसे आहे का हे न्यायालय पाहत नाही. जर्मन कायदा प्रतिफल मागत नाही; दानाच्या वचनाला मात्र तिथे नोटरीपुढचा लेख लागतो. घरच्या माणसांत ठरलेल्या गोष्टींत कायद्याने बांधून घेण्याचा हेतू सहसा नसतो, म्हणून तो करार ठरत नाही. भारतात अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, व्यक्तीचा करार मुळातच निरर्थक असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनमधील सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९०३ मध्ये मोहरी बीबी खटल्यात स्पष्ट केले. फसवणुकीने घेतलेली संमती वेगळी: असा करार आपोआप मोडत नाही, तो मोडण्याचा हक्क फसलेल्याला मिळतो, आणि खरे कळल्यावरही त्याने करार कायम धरला तर तो हक्क जातो.