निदानाची भाषा बदलली, मोजमाप कसं होतं?

मुलाचा जुना रिपोर्ट आणि नवं दिव्यांगत्व प्रमाणपत्र शेजारी ठेवलं की पालक गोंधळतात. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात 'मतिमंदत्व' होतं, स्वमग्नता (ऑटिझम) नव्हती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकार मानले. त्यात बौद्धिक अक्षमता (पूर्वीचं मतिमंदत्व) आणि स्वमग्नता यांचा उल्लेख वेगवेगळा आहे. मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका डीएसएम-5 हिने 2013 मध्ये अ‍ॅस्पर्जर, पीडीडी-एनओएस ही पूर्वी स्वतंत्र असलेली निदानं ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये सामावून घेतली. त्यामुळे कागदावरचं नाव बदललं म्हणून मूल बदललं, असं समजून घाबरू नका.

बौद्धिक अक्षमतेची तीव्रता पूर्वी आयक्यूवर ठरायची. आता मूल रोजचे व्यवहार किती निभावतं यावर ठरते. आपल्याकडे ते व्हीएसएमएस (व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी) या श्रेणीवर मोजतात, आणि या श्रेणीचं भारतीय रूप आपल्या नागपूरचं आहे, डॉ. ए. जे. मालिन यांनी केलेलं. तिच्यात 89 बाबी आहेत. जेवण, कपडे, बोलणं, फिरणं याविषयी पालकांना विचारतात. त्यातून सामाजिक वय निघतं. त्याला खऱ्या वयाने भागून 100 ने गुणायचं, की सामाजिक गुणांक मिळतो.

आठ वर्षांच्या मुलीचं सामाजिक वय चार निघालं, तर गुणांक 50. दिव्यांगत्व मोजण्याच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे (2024 मध्ये त्यांच्या जागी नव्या आल्या) ही मध्यम तीव्रता, म्हणजे 75 टक्के दिव्यांगत्व. तिचं वय चुकून सात धरलं तर गुणांक 57 होतो, तीव्रता सौम्य ठरते आणि टक्के 50 वर येतात. जन्मदाखला सोबत असलाच पाहिजे.

याहून जास्त चुका उत्तरांत होतात. "हाताने जेवते का?" "हो, जेवते ना!" पण वरणभात आई कालवून देते, पुढचा घास घ्यायलाही तीच सांगते. मुलगी एरवी, कोणी मदत न करता काय करते, तेवढंच सांगा. कौतुकापोटी वाढवून सांगितलेलं तिच्याच हक्कावर येतं.

स्वमग्नतेसाठी इसा (ISAA, स्वमग्नता मोजण्याची भारतीय श्रेणी) वेगळी आहे: 40 बाबी, प्रत्येकीला 1 ते 5 गुण. 2018 च्या सूचनांत 70 गुणांना 40 टक्के होते, तिथून पुढे टक्के वाढत जात. दोन्ही निदानं एकाच मुलात असू शकतात, पण एकावरून दुसरं गृहीत धरता येत नाही. न बोलणाऱ्या स्वमग्न मुलाला निव्वळ प्रश्नोत्तरांची चाचणी दिली, तर समज असूनही आयक्यू खाली दिसतो. अशा वेळी शब्दांवर न चालणारी चाचणी मागा. उदाहरणार्थ, सेगुइन फॉर्म बोर्डमध्ये दहा लाकडी आकार आपापल्या खाचेत बसवायचे असतात; तीनदा करून घेतात, वेळ मोजतात. रिपोर्टवर चाचणीचं नाव लिहिलेलं आहे ना, हे तिथेच पाहून घ्या.