आधी विचारायचं, मग हात लावायचा
मुलांच्या मालिश-विश्रांती वर्गाविषयी पालकांसाठी माहितीपत्रक

पालकहो,

चौकशीला येणारे बरेचसे पालक दारातच विचारतात, "म्हणजे तुम्ही मुलांना मालिश करणार का?" नाही. आम्ही दोघी कुठल्याही मुलाला मालिश करत नाही. मुलंच एकमेकांना करतात. अंगावर पूर्ण कपडे असतात, तेल नसतं, आणि हात लागतो तो फक्त पाठ, खांदे, दंड, हात आणि डोक्याला. शिकवताना आम्ही एकमेकींच्या पाठीवर करून दाखवतो.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग यात शिकवण्यासारखं काय आहे? पाठ तर कुणीही चोळेल." हे पत्रक त्या प्रश्नाचं उत्तर आहे. जरा सावकाश वाचा, कारण आपलं मूल तुम्ही आमच्याकडे सोपवणार आहात.

हे आलं कुठून

आपल्याकडे बाळाच्या अंगाला हात लावायचं शास्त्र घरोघरी होतं आणि अजून आहे. तेल लावून न्हाऊ-माखू घालणारी बाई, टाळू भरणं, शेक-शेगडी, दिवाळीच्या पहाटेचं उटणं. वाग्भटाने अष्टांगहृदयात दिनचर्या सांगताना अभ्यंग रोज करावा असं म्हटलंय, आणि डोकं, कान, तळपाय यांना तेल विशेष लावावं असंही. पण मूल शाळेत जाऊ लागलं की हा हात हळूहळू सुटत जातो. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या पाठीवर दिवसभरात हात पडतो तो बहुतेक वेळा "ऊठ", "आवर", "चल लवकर" म्हणतानाच.

अमेरिकेच्या विमला मॅक्क्लूर १९७३ मध्ये भारतात एका अनाथाश्रमात काम करत होत्या. इथल्या आयाबायांचं बाळांना मालिश करणं त्यांनी पाहिलं, शिकून घेतलं आणि परत जाऊन तिकडच्या आईवडिलांना शिकवायला सुरुवात केली. त्याच बाळ-मालिशाच्या परंपरेत काम करणाऱ्या दोघींनी, स्वीडनच्या मिया एल्मसेटर आणि कॅनडाच्या सिल्वी एतू यांनी, सुमारे २५ वर्षांपूर्वी शाळेतल्या मुलांसाठी एक कार्यक्रम बांधला. ४ ते १२ वर्षांची मुलं वर्गातच, कपड्यांवरून, एकमेकांच्या पाठीला आणि हातांना दहा-पंधरा मिनिटं मालिश करतात. सुरू करण्याआधी परवानगी मागतात आणि झाल्यावर आभार मानतात. आम्ही त्या कार्यक्रमाचं अधिकृत केंद्र नाही. मात्र कपड्यांवरून, मुलांनी मुलांना आणि परवानगी मागून, हे तीन नियम आम्ही तिथूनच घेतलेत. आपल्या आज्यांच्या हातचं हे दूरचा फेरा घालून परत आलं आणि येताना 'विचारणं' सोबत घेऊन आलं, असं आम्हाला वाटतं.

विचारणं

पहिल्या शनिवारी मालिश शिकवतच नाही. फक्त विचारायला आणि उत्तर द्यायला शिकवतो.

एक मूल खुर्चीवर उलटं बसतं, म्हणजे खुर्चीच्या पाठीवर हात आणि त्यावर डोकं टेकवून. दुसरं मागे उभं राहतं आणि विचारतं, "तुझ्या पाठीला हात लावू का?" उत्तर तीनपैकी कुठलंही चालतं: हो, नको, किंवा फक्त खांद्यांना. "नको" आलं तर मागच्या मुलाने "बरं" म्हणायचं आणि शेजारी बसायचं. का नको, ते विचारायचं नाही. तोंड वाकडं करायचं नाही. आणि ज्याने आधी "हो" म्हटलंय तोसुद्धा मध्येच हात वर करून थांबवू शकतो.

ऐकायला सोपं आहे, करायला फार अवघड. मोठ्यांनाही.

हे आम्ही चूक करूनच शिकलो. वर्ग नवा होता तेव्हा एका मुलीला तिच्या जोडीदाराने विचारलं आणि ती काहीच बोलली नाही. आम्ही म्हणालो, लाजते आहे, कर तू सुरू. पाचेक मिनिटं ती खुर्चीवर तशीच बसून राहिली, खांदे कानाला लागलेले, दोन्ही मुठी घट्ट. संपल्यावर आईजवळ जाऊन रडली. 'मौनं संमतिलक्षणम्' ऐकत वाढलेल्या आम्हा दोघींना तिच्या त्या मुठींनी शिकवलं. तेव्हापासून आमच्या वर्गात गप्प राहणं म्हणजे "नको". "हो" तोंडाने म्हणावं लागतं किंवा मान स्पष्ट हलवावी लागते. त्या मुलीची आम्ही माफी मागितली. पुढचे दोन वर्ग ती नुसती बघत बसली आणि तिसऱ्या वर्गात स्वतःहून "फक्त हातांना" म्हणाली.

चांगला-वाईट स्पर्श आता बहुतेक शाळांत तक्ता लावून शिकवतात, आणि ते हवंच. पण नकार द्यायचा सराव तक्त्यावर होत नाही. साध्या, सुरक्षित गोष्टीला "नको" म्हणून बघितलं आणि समोरच्याने ते ऐकलं, असं पंचवीस-तीस वेळा झालं की तो शब्द तोंडात बसतो. आमच्या मते या सगळ्या वर्गातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, मालिश त्यानंतर.

हात कसे चालतात

हात फिरवण्याच्या प्रत्येक पद्धतीला आम्ही 'हात' म्हणतो. प्रत्येक हाताला घरातलं किंवा शेतातलं नाव आहे, म्हणजे मुलांच्या लक्षात राहतं. खांद्यांवर 'कणीक मळणं'. पाठीच्या वरच्या भागावर दोन्ही तळव्यांनी हलकी 'भाकरी थापणं'. डोक्यावर बोटांच्या टोकांनी 'पावसाची सर', आधी भुरभुर, मग जोराची, मग उघडीप. दंडापासून बोटांपर्यंत 'ओघळ'.

मुलांचा आवडता हात 'नांगर'. दोन्ही हातांची बोटं मणक्याच्या दोन्ही बाजूंना, मानेखालून कमरेपर्यंत सरळ रेषेत न्यायची. मणका म्हणजे बांध, आणि बांधावर नांगर चालवायचा नाही. हाडावर दाबू नये हे दहा वेळा सांगून लक्षात राहत नाही, बांध म्हटल्यावर एकदाच पुरतं. आठ वर्षांच्या मुलाची पाठ साधारण शाळेच्या ३० सेंटिमीटर पट्टीएवढी असते. ती पार करायला सहा आकडे मोजायचे, म्हणजे सेकंदाला पाच सेंटिमीटर. हा वेग मनाने ठरवलेला नाही. आपल्या त्वचेत काही मज्जातंतू असे आहेत की ते संथ स्पर्शालाच नीट प्रतिसाद देतात, साधारण सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर या वेगाला. तोच हात भराभर आणि पीस फिरवल्यासारखा हलका लावला तर गुदगुल्या होतात आणि सगळा वर्ग खिदळायला लागतो. (हात शिकवायच्या पहिल्या दिवशी तसंच होतं. होऊ देतो.) संथ आणि जरा दाब असलेला हात पडला की ओठ सैल होतात, खांदे उतरतात, श्वास लांबतो. हे मुलं स्वतःच दुसऱ्याच्या पाठीत ओळखायला लागतात. "ताई, आता हिची पाठ मऊ झाली," असं सहा वर्षांचं मूल सांगतं तेव्हा ते शेजारच्याकडे किती बारकाईने लक्ष देत होतं ते कळतं.

कुणी नसताना, स्वतःचं स्वतः

परीक्षेच्या बाकावर पाठ चोळायला कुणी येणार नसतं. म्हणून वर्गाचा निम्मा वेळ एकट्याने करायच्या गोष्टींना देतो.

"शांत हो" हे वाक्य मुलाला काही सांगत नाही, कारण शांत होणं म्हणजे नेमकं काय करणं हेच त्याला माहीत नसतं. अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वी यावर साधी वाट काढली: स्नायू आधी मुद्दाम आवळायचा, मग सोडायचा, आणि दोन्हींतला फरक जाणवून घ्यायचा. आम्ही त्याला 'ओलं फडकं' म्हणतो. दोन्ही मुठींनी फडकं पिळतोय असं समजून पाचपर्यंत आवळायचं, मग ते दोरीवर टाकायचं: हात लोंबते, बोटं सैल, दहापर्यंत. असंच खांद्यांचं, कपाळाचं, पायाच्या बोटांचं. बाकाखाली पायाच्या बोटांचं फडकं पिळलं तर बाईंनाही कळत नाही.

श्वासासाठी 'गरम दूध'. दोन्ही हातांत पेला धरलाय असं समजून नाकाने तीनपर्यंत वास घ्यायचा आणि पाचपर्यंत हळू फुंकायचं, साय हलेल पण दूध सांडणार नाही इतकंच. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून घेण्यापेक्षा सोडणं लांब. श्वास कोंडून धरायला आम्ही कुणालाच सांगत नाही. दम्याच्या मुलांसाठी तर ते कटाक्षाने पाळतो. शेवटची सात-आठ मिनिटं शवासन, पोटावर प्लॅस्टिकची रिकामी वाटी ठेवून. वाटी वरखाली होताना बघत पडायचं, एवढंच.

घरी करून बघा, पण आजोबांचे पाय वेगळे

रात्री जेवणं झाल्यावर, अंथरुणावर, दहा मिनिटं पुरतात. आधी मुलाने तुम्हाला विचारावं, मग तुम्ही मुलाला. तुम्ही दमला असाल तर खुशाल "आज नको" म्हणा. तुमचा नकार मोकळेपणाने आलेला बघून मूलही तसाच द्यायला शिकतं. घरी आईवडिलांनी तळपायाला तेल किंवा तूप लावून काशाची वाटी फिरवली तर फारच छान. फक्त नंतर पाय पुसून घ्या, फरशीवर घसरायला होतं. बदामाचं किंवा शेंगदाण्याचं तेल वापरत असाल तर मुलाला त्यांची ॲलर्जी नाही ना, ते आधी पाहा.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्याकडे नातवंडांनी आजी-आजोबांचे पाय चेपणं ही मायेची रीत आहे, आणि ती सुटावी असं आम्ही म्हणत नाही. पण वर्गात शिकलेल्या मुलाला "तुला येतं ना आता, चल चेप पाय," असं फर्मावू नका. पाहुण्यांपुढे तर मुळीच नको. त्यालाही विचारा आणि "नको" म्हणालं तर हसून सोडून द्या. दुसरं, मुलाला पाठीवर चालायला लावणं थांबवा. म्हातारपणी हाडं ठिसूळ झालेली असतात, आणि वीस किलोचं मूल मणक्यावर उभं राहणं धोक्याचं आहे. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर ती कुणीही चोळू नये. रक्ताची गुठळी असू शकते, आधी डॉक्टरांना दाखवा.

काय होईल, काय होणार नाही

या वर्गाने मार्क वाढतील, उंची वाढेल, हट्टीपणा जाईल असं आम्ही सांगणार नाही. मालिशच्या जाहिरातींत एक आकडा तुमच्या वाचनात येईल, ४७ टक्के. तो खरा आहे, पण वेगळा आहे. अमेरिकेत टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना इस्पितळात १० दिवस, रोज तीनदा, १५ मिनिटं मालिश केलं होतं, आणि त्यांचं वजन इतर बाळांपेक्षा ४७ टक्के जास्त वाढलं. तो आकडा तिसरीतल्या मुलाला लावणं ही फसवणूक होईल.

आम्ही जे बघतो ते एवढंच: शवासनात टेकायलाच तयार नसलेली मुलं चौथ्या-पाचव्या आठवड्यात पडून राहतात, भांडण व्हायच्या आधी कुणीतरी "ओलं फडकं" म्हणतं, आणि काही मुलं घरी झोपताना स्वतःहून गरम दूध फुंकतात. सगळी नाही. काहींना स्पर्शच सोसत नाही, स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांपैकी अनेकांना तर हलका हात टोचल्यासारखा वाटतो. त्यांच्यासाठी स्वतःचे हात स्वतः दाबणं, घट्ट गुंडाळलेली चादर, श्वास असं वेगळं ठरवतो. मुलाचे ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतील तर त्यांना विचारूनच.

हा उपचार नाही. मूल कित्येक दिवस झोपत नसेल, जेवत नसेल, शाळेचं नाव काढताच पोट दुखत असेल तर आमच्याकडे थांबू नका, डॉक्टरांकडे जा. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मानसिक आरोग्याबद्दल फुकट बोलता येतं. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८, तो मुलांनाही पाठ असू द्या. एखाद्या मुलाने वर्गात लैंगिक त्रासाबद्दल काही सांगितलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं आम्हाला बंधनकारक आहे आणि आम्ही कळवतो, हे नोंदणीआधीच सांगून ठेवतो.

वर्गाचं

वय ५ ते ११. एका तुकडीत १२ मुलं, आम्ही दोघी. दर शनिवारी सकाळी ४५ मिनिटं, सलग ६ आठवडे, शुल्क १,५०० रुपये. दार उघडं असतं आणि कुठल्याही दिवशी पालक आत येऊन मागच्या सतरंजीवर बसू शकतात. फोटो किंवा व्हिडिओ कुणीच काढायचा नाही, आम्हीही काढत नाही.

ताप, कांजिण्या, खरूज, गजकर्ण किंवा डोक्यात उवा असतील तर त्या आठवड्याला घरी ठेवा. बुडालेला वर्ग पुढच्या तुकडीत भरून देतो. हात मोडून नुकताच जुळलाय, लस कालच दंडात घेतलीय, फिट येते, हृदयाचा त्रास आहे, असं काही असेल तर आधी सांगा. मूल वर्गात बसू शकतं, फक्त काय टाळायचं ते आम्हाला ठरवता येतं.

येताना नखं कापलेली असावीत, केस बांधलेले, कपडे सुती आणि सैल. दप्तर आणलंत तर आमच्या काट्यावर वजन करून देतो. २०२० च्या दप्तर धोरणाप्रमाणे ते मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, म्हणजे २५ किलोच्या मुलाला अडीच किलो. खांदे का दुखतात त्याचं उत्तर पुष्कळदा त्या काट्यावरच मिळतं.

नोंदणीआधी मुलाला घेऊन एकदा या. जागा बघू द्या, खुर्चीवर उलटं बसू द्या. मग त्यालाच विचारा, यायचंय का. "नको" म्हणालं तर आम्ही पैसे घेत नाही.