पदवीआधी श्रद्धेची सही : विद्यापीठांतल्या धर्मअटींचा मागोवा

ऑक्सफर्डमध्ये १५८१ पासून विद्यार्थ्याचे नाव दाखल होतानाच त्याला चर्च ऑफ इंग्लंडच्या, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या, श्रद्धा सांगणाऱ्या ३९ कलमांवर सही करावी लागे. केंब्रिज थोडे सैल होते. तिथे इतर पंथांच्या मुलांना शिकता येई, परीक्षेलाही बसता येई; पण पदवी घ्यायची वेळ आली की आपण त्याच चर्चचे आहोत हे मान्य करावे लागे. कॅथलिक, ज्यू, बॅप्टिस्ट, युनिटेरियन यांना ऑक्सफर्ड दारातच अडवी, तर केंब्रिज सगळे शिकवून झाल्यावर.

यामागे श्रद्धा होती तशी सत्ताही होती. कॉलेजांच्या जमिनी, पैसा आणि नेमणुका फेलो मंडळींच्या, म्हणजे कॉलेजच्या सदस्य-अध्यापकांच्या, हाती असत आणि त्यांतले बहुतेक जण धर्मगुरूची दीक्षा घेतलेले. एमए झालेल्याला विद्यापीठाच्या कारभारात मत मिळे. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात सवलती वरच्या पायऱ्या राखून, खालून एकेक देण्यात आल्या.

या अटीने काय हिरावले, हे जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टरच्या उदाहरणात दिसते. १८३७ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत तो दुसरा आला. ज्यू असल्यामुळे त्याला पदवी मिळाली नाही आणि मानाच्या स्मिथ पारितोषिकासाठी उतरताही आले नाही. शेवटी १८४१ मध्ये त्याने डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून पदव्या घेतल्या. केंब्रिजने त्याला पदवी दिली ती १८७२ मध्ये, तेव्हा तो साठीला टेकला होता.

त्याआधीच लंडनमध्ये नवी वाट निघाली होती. १८२६ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे युनिव्हर्सिटी कॉलेज म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेत धर्माची अट नव्हती. विरोधकांनी तिला देवाधर्माविना चाललेली संस्था म्हणून हिणवले आणि १८२९ मध्ये चर्चच्या छत्राखाली किंग्ज कॉलेज काढले. १८३४ मध्ये पदव्यांवरची अट हटवण्याचे विधेयक ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहात संमत झाले, पण वरच्या सभागृहाने, लॉर्ड्सनी, ते फेटाळले. त्याच वर्षी कॉनप थर्लवॉल या अध्यापकाने सक्तीच्या प्रार्थनांविरुद्ध लिहिले आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातले अध्यापनाचे काम गमावले. विशेष म्हणजे थर्लवॉल स्वतः चर्चचाच दीक्षित होता. बाहेरच्यांची बाजू आतल्या माणसाने घ्यावी, ही गोष्ट मला या इतिहासात फार मोलाची वाटते.

ऑक्सफर्डमध्ये १८५४ ला आणि केंब्रिजमध्ये १८५६ ला बीएवरची अट गेली. फेलोशिप मात्र बंदच राहिली. १८६० आणि १८६१ चे सीनियर रँग्लर चर्च ऑफ इंग्लंडचे नव्हते; गणितात पहिले येऊनही त्यांना फेलो होता आले नाही. १८६९ मध्ये न्यूमा हार्टॉग हा ज्यू तरुण सीनियर रँग्लर झाला आणि वाद पुन्हा पेटला. त्याच वर्षी तत्त्वज्ञ हेन्री सिजविक यांनी, आपला आता त्या कलमांवर विश्वास उरला नाही म्हणून, हाती असलेली फेलोशिप सोडली. हार्टॉगने लॉर्ड्सच्या समितीपुढे साक्ष दिली. १६ जून १८७१ रोजी कायदा झाला आणि धर्मशास्त्राच्या पदव्या व पदे वगळता जवळपास सर्व अटी गेल्या. हार्टॉग त्याच महिन्यात देवीच्या रोगाने वारला, अवघ्या पंचविसाव्या वर्षी.

या कायद्याचा धागा थेट कोकणापर्यंत येतो. मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले आणि नंतर सेंट जॉन्स कॉलेजचे फेलोही. ते पुढे उघडपणे निरीश्वरवादी म्हणून ओळखले गेले. तीस वर्षे आधी ते तिथे गेले असते, तर रँग्लर झाले असते, फेलो नाही.

गंमत अशी की, मुंबई विद्यापीठात १८५७ मध्ये स्थापनेपासूनच अशी अट नव्हती. हिंदुस्थानातल्या शिक्षणाचे धोरण ठरवणाऱ्या १८५४ च्या वूडच्या खलित्याने लंडन विद्यापीठाचा नमुना घालून दिला होता आणि धर्मश्रद्धेचे विषय पदवी परीक्षेबाहेर ठेवायला सांगितले होते. कागदावर मुंबई तेव्हा केंब्रिजहून मोकळी होती. आपल्याकडे अडसर जातीचा होता आणि तो विद्यापीठाच्या कितीतरी आधी लागत असे: १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला होता.

प्रवेश मिळाला तरी राहायचे कुठे, जेवायचे कुठे, हा प्रश्न उरेच. कोल्हापुरात १८९६ मध्ये सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढण्यात आले; प्रत्यक्षात तिथे ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच प्राबल्य झाले. मग शाहू महाराजांनी १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम अशा वेगवेगळ्या समाजांच्या वसतिगृहांना बळ दिले. आज कोणी त्यांना वेगळेपणा जोपासल्याचा दोष देईल. पण आधी एकत्र ठेवून पाहिले गेले होते, हे त्याने विसरू नये.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेच्या २९ व्या कलमाने सरकारी वा अनुदानित शिक्षणसंस्थेत धर्म, वंश, जात किंवा भाषा एवढ्याच कारणावरून प्रवेश नाकारायला मनाई केली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये समतेविषयी नियमावली काढली. तिच्यातल्या भेदभावाच्या व्याख्येत जातीबरोबर धर्म आणि पंथही आहेत. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा, असे ती सांगते. हा अधिकारी संस्थाच नेमते. त्यामुळे विद्यार्थ्याला आपली तक्रार घेऊन जावे लागते ते, ज्यांच्या कारभाराविषयी तक्रार आहे, त्यांनीच नेमलेल्या माणसाकडे.